चुकीच्या शब्दावरची रेघ

प्रिय ॲग्नेसताई,

आज इतिहासाचा पेपर झाला. ठाण्याहून घरी आले, हातपाय धुतले आणि चहाचं आधणही न ठेवता लिहायला बसले. मी रोज डायरी लिहिते यावरून तुम्ही मला किती चिडवायचात! "काय गो बाय, सगलं लिवून ठेवतंस, देवाला हिशेब द्यायचाय का तुला?" आज डायरी उघडली आणि तशीच मिटली. आज जे झालं ते सांगायला समोर माणूस हवं. तेही असं, ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्यांची उत्तरं आपल्या हाताने लिहिली आहेत. असं माणूस मला एकच माहीत होतं.

ताई, तन्वीने पेपर दिला! ती देणार नव्हती हे तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही गेल्यानंतरची ही सगळी गोष्ट आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

पण त्याआधी थोडं भांडायचं आहे. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पालघरला भाचीकडे जाते, पंधरवडाभर बघ कॉलेजातली खोली." मी बघितली. तुम्ही भाचीकडे नव्हता, हॉस्पिटलात होता. मी फोनवर विचारत होते की धड्यांच्या कॅसेटच्या कपाटाला कुलूप घालू का, आणि तुम्ही सलाईन लावलेल्या हाताने फोन धरून मला सांगत होता, "घाल, पण चावी पोरांना सापडंल अशी ठेव." का नाही सांगितलंत? मला त्रास नको म्हणून? की मी लगेच धावत येईन, डोळे पुसत बसेन आणि इकडे मुलांची कामं राहतील म्हणून? दुसरं कारण असणार. मला ते कबूल आहे, पण राग गेलेला नाही.

तुमच्या मातीला बाळकुमला आलो तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये गेले. टॉवरच्या मागे एवढं जुनं गाव शिल्लक आहे हेही मला तेव्हाच कळलं. केव्हा उभं राहायचं, केव्हा बसायचं, काही माहीत नव्हतं. तन्वी माझ्या कोपराला धरून शेजारी बसली होती. तीच दर वेळी कुजबुजायची, "मॅडम उठा, पुढची बाकं वाजली." मग थोड्या वेळाने, "बसा आता." डोळ्यांनी दिसणारी मी, आणि मला उठवत-बसवत होती जन्मापासून न दिसणारी मुलगी. तिचे कान किती तयार आहेत हे त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं लक्ष रडण्याकडे होतं.

कोपर द्यायचं हे तुम्हीच शिकवलंत. माझ्या पहिल्या दिवशी मी एका मुलाचा दंड पकडून त्याला ऑफिसपर्यंत ओढत नेलं होतं. वाटलं, केवढी मदत केली! तुम्ही दारातूनच ओरडलात, "पोरगा हाय तो, भाजीची पिशवी नाय! आपलं कोपर दे त्याला. धरायचं का सोडायचं, तो ठरवंल." चाळिशीला आलेली मी, बी.ए. झालेली, क्लासमध्ये दहा वर्षं ऑफिस सांभाळलेली. त्या दिवशी मला चालायलाही नव्याने शिकावं लागलं.

जिन्याखालची आपली खोली आहे तशीच आहे. बाहेर पाटी 'दिव्यांग विद्यार्थी सहाय्य केंद्र' अशी आहे, पण मुलं अजूनही 'ॲग्नेस मॅडमची खोली' म्हणतात. कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला अक्षरं उलटसुलट दिसतात, आणि सगळ्यांना भूक लागते. डबे तिथेच उघडतात. माझं नाव त्या खोलीला लागावं असं मला वाटत नाही. खरंच वाटत नाही का? एखादे दिवशी वाटतं. लिहून टाकलं.

तर, प्रिलिम. तुम्ही तन्वीसाठी बघून ठेवलेली लेखनिक मुलगी बापाची बदली झाली म्हणून नाशिकला गेली. विद्यापीठाच्या परीक्षेला लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो, पण प्रिलिम आपली घरचीच. ऐनवेळी कोणी मिळेना, म्हणून मी बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. किती सुंदर सांगते हो ती! आधी मनात मुद्दे लावते, मग एकेक वाक्य सोडते. मी एक अक्षरही माझ्या पदरचं घातलं नाही. ती चुकली तर चूकच लिहायची, हा तुमचा नियम मी पाळला असं मी छातीवर हात ठेवून कोणालाही सांगितलं असतं. सांगितलंही. तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले तेव्हा घरी जेवताना दोनदा सांगितलं.

मार्क कळल्यावर दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली. काठी घडी करून मांडीवर ठेवली.

"मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"तुमचं पेन थांबतं."

मला वाटलं शाई. म्हटलं, "रिफील बदलते."

"तसं नाही. मी बरोबर सांगत असले की तुमचं पेन धावतं. चुकले की थांबतं. शब्द लिहिता, पण वरची रेघ मारत नाही. मी रेघेची वाट बघत असते, ती येत नाही. मग मला कळतं, चुकलं. मग मी बदलते."

मी म्हटलं, "कधी झालं असं?"

"तैनाती फौज. मी सालबाईचा तह सांगितला. तुम्ही 'सालबाईच्या' लिहिलंत आणि रेघ नाही. मग मी म्हटलं, थांबा मॅडम, वसईचा. तेव्हा कशी सर्रकन मारलीत!"

ताई, मला आठवत होतं. ती "थांबा" म्हणाली तेव्हा मला झालेला आनंद आठवत होता. मला वाटलं होतं, हुशार आहे पोरगी, आपणहून सुधारलं! शब्दाच्या डोक्यावरची रेघ तिला कशी माहीत? तुम्हीच एकदा तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून दाखवली होतीत. "आधी अक्षरा लिवायची, मंग वरशी छप्पर घालायचा." तेव्हापासून ती छपराचा आवाज ऐकते. शब्द पुरा झाला, आता पुढचा सांगायचा, हे ती त्यावरून ओळखते. आणि मी शंका असलेल्या शब्दाला छपरावाचून ठेवत होते!

"किती ठिकाणी झालं असं?" मी विचारलं.

"मोजलं नाही. पण मॅडम, मग हे मार्क कोणाचे?"

मी पटकन म्हटलं, "तुझेच गं. उत्तर तुलाच येत होतं ना? मी काय सांगितलं तुला?"

"तुम्ही नाही सांगितलं. पेनने सांगितलं." मग म्हणाली, "माझा काका आहे ना, तो दर रिझल्टला म्हणतो, तुझं काय, लिहिणारी दुसरीच. मी त्याच्याशी जाम भांडते. आजपर्यंत एकदा पण हरले नाही. आता कशी भांडू?"

ती उठली आणि काठी उघडत म्हणाली, "मी एप्रिलचा पेपर देत नाही. कोणी सरळ लिहिणारं मिळालं की देईन. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या."

गेली.

मी विभागप्रमुखांकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. ते मान डोलावून हसले. "अहो शुभदाताई, पेन थांबलं म्हणून कॉपी होते का? एवढा विचार करू नका. तिला समजवा, वर्ष वाया घालवू नकोस म्हणावं." माणूस चांगला आहे, मनापासून बोलत होता. पण त्यांना ऐकू येत नाही ते, ताई. मलाही आलं नव्हतं.

संध्याकाळी तिच्या आईचा दिवा गावातून फोन आला. मागे टँकरपाशी बायकांची भांडाभांडी चालली होती.

"मॅडम, ही म्हणते पेपर देत नाय. तुम्ही काय बोललात काय तिला?"

"मी नाही, तीच बोलली मला. माझंच चुकलं थोडं."

"तुमचं काय चुकनार? तिलाच समजवा तुम्ही. हिचे पप्पा म्हंतात, आता सोडलंस तर परत नाव नाय काढायचं कॉलेजचं. कोनीतरी टेलिफोनवरची नोकरी बघून ठेवलीय तिला. ती बसली ना एकदा नोकरीला, मग कुठली येतेय परत! शाळेत इतिहास शिकवायचाय म्हणते. मग पेपर कोन देनार? ए, माझा हंडा आहे तो!" शेवटचं मला नव्हतं.

फोन ठेवला आणि सरळ दिसलं की हे वर्ष गेलं तर तिचा इतिहास गेला. आणि मी तिला नुसतं समजावून बसवलं, तर ती बसेल, पास होईल, शिक्षिकाही होईल, पण काकापुढे गप्प बसेल. कुठलं जास्त वाईट? तुमच्याकडे उत्तर होतं का याचं? तुम्ही असतात तर आधी खायला काढलं असतं, मग बोलला असतात.

त्या आठवड्यात मी स्वतःला फार खोदलं. मुद्दाम केलं नाही हे नक्की. पण मुद्दाम नव्हतं म्हणजे नव्हतंच, असं असतं का? माझी उत्तर बरोबर यावं अशी इच्छा होती, आणि ती माझ्या मनगटात उतरत होती. प्रेमाने उतरत होती, हेच मोठं अवघड. वाईट हेतू असता तर सोडून देता आला असता.

आणि मग तुमचा टॉवेल आठवला. तो निळ्या काठाचा, चौघडी घालून तुम्ही लेखनिकाच्या कागदाखाली ठेवायचात तो. तुम्ही गेल्यावर मी तो धुवायला घरी आणला आणि परत नेलाच नाही. चांगला दिसत नव्हता, खरं सांगायचं तर. टॉवेलवर लिहिलं की पेन वाजत नाही! त्यासाठीच होता ना तो? की बाक खडबडीत होता म्हणून? चार वर्षं शेजारी बसून मी एकदाही विचारलं नाही, आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. तुम्ही सगळं असं हाताने करून दाखवायचात. हात गेले, आता मी अंदाज बांधत बसते.

दुसऱ्या दिवशी टॉवेल इस्त्री करून नेला. तन्वीला बोलावून घेतलं आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने कापडावरून हात फिरवला.

"ॲग्नेस मॅडमचा?"

"हो. हा खाली घातला की तुला पेन ऐकूच येणार नाही. प्रश्न मिटला."

"मग लिहून झालं की नाही ते मला कसं कळणार?"

"लेखनिक सांगेल ना, 'हं' म्हणून."

"आणि तो 'हं' थांबला तर?" ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही माझे कान बंद करताय. थांबतंय पेन. कान कशाला बंद करायचे माझे?"

ताई, तुमच्या टॉवेलला नकार मिळाला! मला क्षणभर तुमच्या वतीने राग आला. मग हसू आलं. तुम्ही असतात तर टाळीच दिली असतीत तिला. टॉवेलवर आता आम्ही डबे ठेवतो. कागदाखाली नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे. पेन सरळ करू. तू शिकव. दोन महिने आहेत. नाही जमलं तर नको बसू, मी तुझ्या आईला स्वतः सांगेन."

ती म्हणाली, "आधी तुम्ही."

आधी मी. ती सांगायची, मधेच मुद्दाम काहीतरी चुकीचं घालायची, आणि मी लिहायचे.

"थांबलात."

"कुठे? अगं, मी श्वास घेतला!"

"तो पण ऐकू आला."

असा पहिला आठवडा गेला. मला वाटायचं की मी पूर्ण कोरी होऊन लिहितेय, आणि ती म्हणायची, "आता उगाच घाई केलीत. चुकीचं होतं म्हणून पटकन रेघ मारलीत ना?" शेवटी तिनेच युक्ती काढली. लिहिणाऱ्याने नेहमी एक शब्द मागे राहायचं. ती पुढचा शब्द बोलत असताना हाताने मागचा पुरा करायचा. म्हणजे हात सतत कामात राहतो आणि रुसायला मोकळा सापडत नाही. किती साधं! पण माझा हात ते पुरतं शिकला नाही. जन्मभर लाल पेन्सिलीच्या धाकात वाढलेला हात आहे हा. आणि विद्यापीठाच्या परीक्षेला माझा हात चालणारही नव्हता.

म्हणून लेखनिक शोधायला अकरावी कॉमर्सच्या वर्गात गेले. एकच हात वर आला. रिद्धी नाव. पहिला प्रश्न, "मॅडम, अटेंडन्स मिळेल ना?" मिळेल म्हटल्यावर आली. तिची आणि तन्वीची पहिली भेट अशी:

"तू रेघ मारतेस का?" तन्वी.

"कसली रेघ?"

"शब्दावरची."

"वेडी आहेस का? कोण मारतं आता? किती टाइम जातो!"

"मारायची."

"का?"

"मला ऐकायची आहे."

रिद्धीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच विचारलं, ही ठीक आहे ना? मी काहीच दाखवलं नाही. तेवढं शिकले होते तोवर.

रोज दुपारी आम्ही तिघी बसायचो. रिद्धी अक्षराने चांगली, पण तोंडाने अखंड. तिला सरळ ठेवायला मी वाट्टेल ती उत्तरं सांगायचे. स्वतः डोळे मिटून बसायचे, म्हणजे तन्वीला जे ऐकू येतं ते मलाही येतं का बघू. 'पानिपतची तिसरी लढाई मुंब्रा बायपासवर झाली. ट्रॅफिकमुळे दोन्ही सैन्यं उशिरा पोचली.'

"मॅडम! हसू येतंय!"

"हस. पेन चालू ठेव."

"खरंच लिहू? ट्रॅफिक?"

"थांबलीस," तन्वी म्हणायची.

"अगं, हसत होते!"

"हसत लिही."

मिटल्या डोळ्यांनी बसलं की काय काय ऐकू येतं, ताई! काना खाली उतरतो तो वेगळा, वेलांटी वळते ती वेगळी. आणि शेवटची रेघ. पहिल्यांदा मला रिद्धीची रेघ अडखळलेली स्पष्ट ऐकू आली तेव्हा मी डोळे उघडले. तन्वी चार वर्षं त्या खोलीत बसून हे सगळं ऐकत होती. आपल्या दोघींच्या मनात काय चाललंय ते तिला कागदावर ऐकू येत होतं. तुमच्याही, ताई. तुम्ही कितीही टॉवेल घातलात तरी.

मार्च संपता संपता एक नवीनच अडचण आली. रोज उत्तरं लिहून लिहून रिद्धीला इतिहास यायला लागला. लेखनिक खालच्या वर्गातला घ्यायचा तो त्याला विषय येऊ नये म्हणूनच, आणि आमच्या सरावाने तिला सगळा पाठ! एके दिवशी तन्वी थबकली तर ही बया पुढचा मुद्दा सांगून मोकळी. तन्वीने कपाळावर हात मारला. "तुला कॉमर्समध्ये टाकलं कोणी?"

"पप्पांनी."

मी रात्रभर विचार करून सांगितलं, आपण दुसरी बघू, हिला आता येतं. मला वाटलं, हाच नियमाला धरून निर्णय. तन्वी म्हणाली, "नको. हीच पाहिजे."

"अगं, पण हिला उत्तरं येतात."

"येऊ देत ना. न येणारीचं पेन सरळ चाललं तर त्यात काय मोठं? हिला येतं, आणि तरी ही मला माझं चुकू देईल. मग कोणी काही बोलून दाखवावं."

रिद्धीने नवा कागद ओढून समोर घेतला.

त्या संध्याकाळी तन्वीने स्वतः आईला फोन केला, माझ्या देखत. "आई, हॉल तिकीट घ्यायला येशील का शुक्रवारी? हो. देतेय. मी देतेय म्हटलं ना! पाणी आल्यावर ये."

नियमाचं मला तरीही टोचत होतं. म्हणून परीक्षाविभागाच्या बाईंना रिद्धीची सगळी माहिती दिली. अकरावी, कॉमर्स, दोन महिने सराव, आणि हेही की तिला आता विषय बऱ्यापैकी येतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे असं कोणी येऊन सांगत नाही हो. नियमात बसते ना? बसते. मी त्या खोलीत पर्यवेक्षक समोरच बसवते. झालं?" झालं.

आज सकाळी त्या दोघी आत गेल्या. दार बंद झालं आणि मी बाहेर व्हरांड्यात, बाकावर. कानाने काही पकडता येईल म्हणून दाराशी सरकले, तर शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, तुम्हीच कॉपी पुरवताय असं वाटेल कोणाला, लांब बसा." बसले लांब. तुमची फार आठवण आली. तुम्ही अशा वेळी मटार सोलायला आणायचात. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं. आज कळलं की हातांना काम लागतं. मी ओढणीची टोकं विणत बसले.

जादा वेळ धरून पेपर सुटला. आधी रिद्धी दिसली, तोंड लाल, केस विस्कटलेले. तिच्या कोपराला धरून तन्वी.

"कसा गेला?"

"मस्त," तन्वी म्हणाली. "एक चुकलं."

"काय चुकलं?"

"बंगालची दिवाणी प्लासीनंतर मिळाली म्हणून सांगितलं. पेपर दिला, दारापर्यंत आले आणि आठवलं. बक्सारनंतर ना?"

मी काही बोलले नाही. मनात धडाधड हिशेब सुरू झाला, कुठला प्रश्न, किती मार्कांचा, किती जातील.

"मॅडम, तुम्ही थांबलात! म्हणजे चुकलंच!" आणि ती हसायला लागली. व्हरांड्यात सगळे बघायला लागले इतकी.

"मला माहीत होतं गं," रिद्धी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "देवाशप्पथ, माहीत होतं. तू प्लासी बोललीस ना, बक्सार जिभेवर आलं होतं माझ्या. मी पुढच्या शब्दाकडे लक्ष दिलं फक्त. लिहिलं. रेघ पण मारली."

"मला कळलंच नाही," तन्वी म्हणाली.

"कळू दिलंच नाही ना!"

"ए रिद्धी, थँक्यू."

"चुकीचं लिहिल्याबद्दल थँक्यू? अजबच आहेस तू."

तन्वीने तिथेच उभ्या उभ्या घरी फोन लावला. "आई, चांगला गेला. एक चूक झाली. माझी, माझीच! कोणी सांगितलंच नाही मला, तर कशी कळणार? हो. काका आहे का घरात? नको, देऊ नको. मी येऊन सांगते त्याला."

ताई, मी पाठ फिरवली आणि डोळे पुसले. आवाज न करता पुसले, पण तन्वीसमोर त्याचा काय उपयोग? "मॅडम रडतायत," ती रिद्धीला म्हणाली. "चल, सरबत पिऊ. त्यांना पण घेऊ."

पितळी ग्लासातलं कोकम सरबत प्यायलो तिघी. रिद्धी म्हणाली की बारावीनंतर आर्ट्सला जायचं तिच्या डोक्यात आहे आणि पप्पांना कोण सांगणार? तन्वी म्हणाली, "मी सांगते. मला काकाची प्रॅक्टिस आहे."

निकाल यायचा आहे. तो काय लागेल मला माहीत नाही, आणि नवल म्हणजे त्याची मला प्रिलिमसारखी हुरहुर नाही. ते मार्क तिचे असतील, चुकलेल्यासकट. आज बक्सारचं उत्तर मला येत होतं आणि मी बाहेर बसले होते, याचं मला बरं वाटतंय. चार वर्षांत पहिल्यांदा मी काही न करता एखाद्या मुलीचं काही केलं. हे वाक्य गर्वाचं झालं का? झालं असेल. राहू दे.

आता वचन. तुम्हाला वचनं आवडत नाहीत, "करून दाखव, बोलून काय!" म्हणाल, तरी देते, कारण मला ते लिहून ठेवल्याशिवाय पाळता येत नाही. जूनमध्ये नवीन मुलं येतील. त्यांची उत्तरं मला त्यांच्याआधी सुचतील, त्यांचे रस्ते मला जवळचे दिसतील, आणि माझ्या हाताला घाई होईल. तेव्हा मी त्यांना चुकू देईन. विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तर शेजारी बसेन. आणि माझं कुठे थांबतंय, कुठे धावतंय, ते मी तुम्हाला विचारायची वाट बघत बसणार नाही, त्यांनाच विचारेन. ते सांगतात. आपण विचारायचं तेवढं बाकी असतं.

उद्या राज्यशास्त्र. त्यात तिची तयारी कच्ची आहे, तीच म्हणते. भरपूर चुकेल, बहुतेक.

तुमची,
शुभदा
डोंबिवली